शेवट झाकून ठेवा

१९५९ साली होंडा कंपनीची माणसे मोटारसायकली विकायला लॉस एंजेलिसला पोहोचली, तेव्हा त्यांच्या गाठीशी फारसे काही नव्हते. जपानच्या अर्थमंत्रालयाने अडीच लाख डॉलरची परवानगी दिली होती, पण त्यातले रोख जेमतेम १ लाख १० हजार. बाकी सगळे मालाच्या रूपात. किहाचिरो कावाशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिना ८० डॉलर भाड्याची जागा घेतली, आणि तिथे दोघे जण जमिनीवर पथारी टाकून झोपत. आणलेल्या मालात ५०, १२५, २५० आणि ३०५ सीसीच्या गाड्यांचा प्रत्येकी पाव हिस्सा होता. भरवसा अर्थातच मोठ्या गाड्यांवर, कारण अमेरिकन माणसाला सगळेच मोठे लागते हे कुणीही सांगितले असते. शिवाय या मोठ्या गाड्यांच्या हँडलचा बाक बुद्धाच्या भुवईसारखा दिसतो, त्यामुळे त्या खपतील, असे खुद्द सोइचिरो होंडांना वाटत होते. १९६० च्या एप्रिलपर्यंत याच गाड्यांतून तेल गळू लागले आणि क्लच निकामी व्हायला लागले. अमेरिकेत लोक जपानपेक्षा लांबवर आणि जोरात गाडी हाकत, ते त्या यंत्राला सोसले नाही. हाताशी होते नव्हते ते पैसे खर्चून नादुरुस्त गाड्या तपासणीसाठी विमानाने जपानला पाठवाव्या लागल्या. ही माणसे स्वतः मात्र शहरातली बारीकसारीक कामे उरकायला ५० सीसीच्या छोट्या सुपर कबवरून हिंडत. रस्त्यात लोक थांबवून तिच्याबद्दल विचारू लागले, ‘सीअर्स’ या बड्या विक्री कंपनीच्या खरेदी विभागाकडूनही चौकशी आली. तरी ती गाडी पुढे करायला होंडाची माणसे कचरत होती. रांगड्या मोटारसायकलवाल्यांच्या बाजारात असली चिमुकली गाडी विकली तर आपली पत जाईल, ही धास्ती. मोठ्या गाड्या बंदच पडल्या तेव्हा कुठे नाइलाजाने तिला बाहेर काढले. १९६४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारसायकलींपैकी जवळपास एक होंडाची होती.

आता हीच हकीकत दुसऱ्या बाजूने. अमेरिकी बाजारात ब्रिटिश मोटारसायकलींचा वाटा १९५९ मध्ये ४९ टक्के होता, तो १९७३ मध्ये ९ टक्क्यांवर आला. हादरलेल्या ब्रिटिश सरकारने बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीला कामाला लावले, आणि १९७५ साली तिचा अहवाल आला. त्यातली होंडा फार शहाणी आहे. तिने मायदेशात छोट्या गाड्यांचे प्रचंड उत्पादन केले, उत्पादन वाढले तसा दर गाडीमागचा खर्च खाली आला, त्या स्वस्ताईच्या जोरावर तिने अमेरिकेत छोट्या गाड्यांनी शिरकाव केला आणि मग पायरी पायरीने मोठ्या गाड्यांकडे सरकली. आकडे बरोबर, आलेख सुबक, कार्यकारणभाव चोख. हे विश्लेषण अनेक बिझनेस स्कूलांच्या वर्गात गेले आणि होंडा हे दूरदर्शी व्यूहरचनेचे उदाहरण होऊन बसले. भुवई, गळके तेल, जमिनीवरची पथारी यांना त्या आलेखात जागा असण्याचे कारणच नव्हते. ती हकीकत बाहेर आली रिचर्ड पास्कल या अभ्यासकामुळे. त्याने १९८२ मध्ये जपानला जाऊन होंडाच्या त्या वेळच्या सहा अधिकाऱ्यांना समोरासमोर बसवून विचारले, आणि १९८४ मध्ये ते छापले. अमेरिकेत काही विकता येते का ते पाहावे, यापलीकडे आमची काही व्यूहरचना नव्हती, असाच त्या बोलण्याचा मथितार्थ होता.

व्यवसायाची व्यूहरचना पदवीच्या मुलांना कशी शिकवावी, या प्रश्नाचा विचार मला या दोन हकीकतींपासून सुरू करावासा वाटतो. त्याला एक जास्तीचे कारण आहे. होंडाची अमेरिकेतली गाजलेली जाहिरात, ‘होंडावर तुम्हाला भली माणसे भेटतात’ अशा आशयाची, कुठून आली? पास्कलच्या हकीकतीप्रमाणे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जाहिरातशास्त्र शिकणाऱ्या एका पदवीच्या विद्यार्थ्याने ती वर्गाचा नेहमीचा गृहपाठ म्हणून लिहिली होती. शिक्षकाने त्याला उत्तेजन दिले, ते काम एका जाहिरात कंपनीपर्यंत पोहोचले, तिथून होंडाकडे. १९६३ मध्ये मोहीम झळकली. मोटारसायकल म्हणजे चामडी जाकिटातले टवाळ टोळके, या समजुतीला बगल देऊन गृहिणी, तरुण जोडपी, आईबापांबरोबरची मुले गाडीवर बसवणे ही कल्पना बाजारातल्या अनुभवी मंडळींना सुचली नव्हती. गृहपाठ करणाऱ्या त्या पोरासमोर मात्र उघडा प्रश्न होता. होंडा जिंकली की हरली हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हते, त्याच्या मास्तरांनाही नाही. आपल्याकडच्या वर्गात नेमकी हीच एक गोष्ट नसते. तिथे प्रत्येक कंपनीचा निकाल लागलेला असतो, आणि मुलांना तो निकाल योग्य कसा होता हे सिद्ध करायला सांगितले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की पदवीच्या मुलांना हा विषय जरूर शिकवावा, पण शेवट झाकून शिकवावा.

हा विषय अभ्यासक्रमात आला कसा, ते पाहिले तर घोळ कुठे झाला ते कळते. हार्वर्डमध्ये ‘बिझनेस पॉलिसी’ नावाचा विषय १९१२ च्या सुमारास सुरू झाला. हिशेब, उत्पादन, विक्री हे सगळे सुटे सुटे शिकून झाल्यावर शेवटी धंद्याकडे मालकाच्या नजरेने अखंड बघायला लावणे, हा त्यामागचा हेतू. मग १९५९ मध्ये, म्हणजे होंडाची माणसे जमिनीवर झोपत होती त्याच वर्षी, फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या व्यापारशिक्षणाची झडती घेणारा अहवाल लिहिला आणि असा एक समारोपाचा विषय सगळीकडे असावा अशी शिफारस केली. पुढे १९७९ मध्ये मायकेल पोर्टर यांनी बाजारातली स्पर्धा पाच दाबांच्या चौकटीत मांडली: ग्राहक, पुरवठादार, नवे येणारे, पर्यायी वस्तू आणि जुने प्रतिस्पर्धी. मांडणी खरोखर कामाची होती. पण पाच खाने असलेली आकृती फळ्यावर काढायला सोपी, पाठ करायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी. बलस्थाने, उणिवा, संधी, धोके या चार खान्यांचेही तेच झाले. सगळे विषय जुळवून विचार करायला लावणारा तास हळूहळू खाने भरण्याचा तास झाला. आपल्याकडे तो बीकॉम, बीबीए, बीएमएसला पोहोचला तोवर ‘टिपा लिहा’मधला एक उपप्रश्न म्हणूनच तो ओळखीचा होता. आपल्या ‘व्यूहरचना’ या शब्दानेही थोडी फसवणूक केली आहे. सेनापती टेकडीवर उभा, खाली सगळे सैन्य दिसते आहे, आणि तो नकाशावर बोट ठेवतो आहे, असे काहीसे चित्र त्या शब्दाबरोबर येते. लॉस एंजेलिसमधल्या त्या खोलीला टेकडी नव्हती.

शेवट आधी सांगितल्याने नेमके काय बिघडते, याचा पुरावा मानसशास्त्रात आहे आणि तोही १९७५ चाच. बारूख फिशहॉफ या संशोधकाने विद्यार्थ्यांना इतिहासातल्या एका अनोळखी प्रसंगाचे वर्णन वाचायला दिले: १८१४ च्या सुमारासची नेपाळमधली इंग्रज आणि गुरख्यांची लढाई. दोन्ही बाजूंची ताकद, डोंगराळ मुलूख, इंग्रजांचा दारूगोळा, गुरख्यांची चिवट लढत, सगळे त्यात होते. निकाल चार प्रकारे लागू शकत होता: इंग्रज जिंकतात, गुरखे जिंकतात, कोंडी होऊन तह होतो, कोंडी होते पण तह होत नाही. काही विद्यार्थ्यांना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांना या चारपैकी एकेक शेवट खरा म्हणून सांगितला. मग प्रत्येकाला विचारले, की केवळ वर्णनावरून पाहता कोणता निकाल किती शक्य वाटतो? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच जास्त शक्य वाटला. वर्णनातल्या कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या, याबद्दलचे त्यांचे मतही त्या शेवटाप्रमाणे बदलले. गुरखे जिंकले असे कळलेल्याला डोंगर दिसतात, इंग्रज जिंकले असे कळलेल्याला शिस्त आणि तोफा. ‘मला आधीपासून माहीतच होते’ या आपल्या घरगुती वाक्याला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला तो इथे. वर्गात आपण होंडाची यशोगाथा म्हणून सुरुवात करतो, तेव्हा मुलांच्या डोक्यातले डोंगर आणि तोफा त्याच क्षणी ठरून जातात. पुढचा तासभर विश्लेषण होत नाही, समर्थन होते.

आपल्या घराजवळचे उदाहरण घेतले तर हे आणखी लख्ख दिसेल, आणि गंमत म्हणजे त्यातही होंडा आहेच. पुण्याजवळच्या आकुर्डीतून निघणाऱ्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. स्कूटर म्हणजे बजाज हे समीकरण घरोघरी पक्के होते. २००१ मध्ये कंपनीने पल्सर आणली आणि ती मोटारसायकलीच्या बाजारात जोरात उतरली. त्याच सुमारास होंडाची अॅक्टिव्हा रस्त्यावर आली. २००९ च्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केले, की कंपनी स्कूटर बनवणे थांबवणार आणि मोटारसायकलीवरच सगळे लक्ष देणार. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. आता विद्यार्थ्याला बसवा २००९ च्या डिसेंबरात. स्कूटरचा बाजार लहान आहे, आपला त्यातला वाटा आणखी लहान. जगभर विकली जाणारी वस्तू मोटारसायकल आहे. जे आपण सर्वांत चांगले करतो तेच करावे आणि बाकी सोडावे, असे पोर्टर यांनीही १९९६ मध्ये लिहून ठेवले आहे. काय करायचे नाही हे ठरवणे हाच व्यूहरचनेचा गाभा, असा त्यांचा दावा. निर्णय बरोबर वाटतो. मग त्याला आणखी काही वर्षे पुढे न्या. गिअर नसलेली स्कूटर आई, मुलगी, आजोबा, नोकरदार सगळेच चालवू लागले आहेत आणि अॅक्टिव्हा देशातल्या सर्वाधिक खपाच्या दुचाकींत जाऊन बसली आहे. निर्णय चुकला वाटतो. त्याच वेळी परदेशी विक्रीचे आणि नफ्याचे आकडे पाहिले तर बजाजचे काही वाईट चाललेले नाही, म्हणजे चुकला असेही ठामपणे म्हणता येत नाही. आणि २०१९ मध्ये चेतक परत येते, विजेवर चालणारी. आता त्या जुन्या निर्णयाला काय म्हणायचे? तिन्ही वेळा निर्णय तोच आहे. परीक्षेत यातल्या कोणत्या वर्षाचे उत्तर लिहायचे, हे विद्यार्थ्याने मास्तरांना विचारले, तर मला वाटते त्याला विषय कळायला लागला आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो होंडाच्याच वादात घेतला गेला. १९७५ चा अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक, मायकेल गूल्ड, यांनी १९९६ मध्ये उत्तर देताना म्हटले, की आमचे काम इतिहास लिहिण्याचे नव्हते. ब्रिटिश उद्योगाने आता काय करावे, एवढेच आम्हाला विचारले होते, आणि त्यासाठी होंडाचा खर्च कमी का आहे हे कळणे पुरेसे होते. हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. योगायोगाने सापडलेले यशही टिकते ते काही कारणांनी, आणि ती कारणे चौकटींतूनच दिसतात. सुपर कब रस्त्यावर लोकांना आवडली हा योगायोग असेल. पण मागणी आली तेव्हा ती पुरवण्याइतका कारखाना जपानमध्ये उभा होता, हा योगायोग नव्हता. म्हणून पोर्टर यांचे पाच दाब, खर्चाचा आलेख, चार खाने हे सगळे फेकून द्या असे म्हणणारे मला पटत नाहीत. शब्दच नसतील तर मुलगा ‘धंदा चांगला चालतो, कारण मालक हुशार आहे’ याच्यापुढे जाणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आज आपण आधी चौकट देतो, मग तिच्यात बसेल अशी कंपनी शोधतो. आधी अडचण समोर टाकावी, मुले चाचपडली की मग चौकट हातात द्यावी. चाचपडलेल्या माणसालाच काठीची किंमत कळते.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांच्या नावाने घेतला जातो. व्यवस्थापनाचा अनुभव नसलेल्याला व्यवस्थापन शिकवता येत नाही, असे ते एमबीएबद्दलसुद्धा म्हणत आले. २००४ मध्ये त्यावर त्यांनी अख्खे पुस्तक लिहिले. मग एकोणीस-वीस वर्षांच्या, घरून डबा घेऊन लोकलने येणाऱ्या पोराला व्यूहरचना कशाला? बहुराष्ट्रीय कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसवून ‘तुम्ही काय कराल’ असे विचारणे हा पोरखेळ आहे, हे मान्य. पण अनुभव नाही हे अर्धसत्य आहे. आपल्या वाणिज्य शाखेतली कितीतरी मुले घरच्या किराणा दुकानात, दूधडेअरीत, वर्कशॉपमध्ये, शेतीमालाच्या गाळ्यावर वाढलेली असतात. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, दिवाळीत माल किती भरायचा, शेजारी मॉल आला तर काय, हे त्यांनी जेवताना ऐकलेले असते. खुर्चीचा आकार लहान केला की अनुभव आपोआप पुरेसा होतो. आणि त्यांतली बहुतेक मुले अध्यक्ष होणार नाहीत, पण पुष्कळ जणांना बापाचे दुकान चालवायचे की बंद करायचे हे येत्या दहा वर्षांत ठरवावे लागणार आहे.

लहान खुर्चीचे एक उदाहरण कुठल्याही कॉलेजच्या फाटकासमोर असते: झेरॉक्सचे दुकान. दोन मशिन, त्यातले एक सेकंडहँड. कागदाची रिमे भिंतीला लावलेली. काउंटरवर जर्नलची कव्हरे, स्पायरल बाइंडिंगचे यंत्र, आणि कोपऱ्यात एक संगणक. हे दुकान वर्षभर सारखे चालत नाही. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे आणि प्रवेशाचा जून-जुलै यांत त्याची कमाई एकवटलेली. आता पाच दाब लावून पाहा. पर्यायी वस्तू कोणती? शेजारचे दुकान नव्हे, व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ. ग्राहकाचा जोर किती? पानामागे पन्नास पैसे कमी मिळाले तर पूर्ण वर्ग रस्ता ओलांडून समोर जातो. पुरवठादार कोण? टोनरवाला, कागदवाला आणि मशिन बिघडले की येणारा मेकॅनिक. परीक्षेच्या दिवशी तो वेळेवर आला नाही तर सगळा हंगाम पाण्यात, म्हणजे त्याचा दाब कागदवाल्यापेक्षा मोठा. इथपर्यंत चौकट छान चालते. आता खरा प्रश्न: मालकाकडे लाख-दीड लाख रुपये आहेत. रंगीत प्रिंटचे मशिन घ्यायचे, की तो कोपऱ्यातला संगणक वाढवून महाडीबीटी शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरून देण्याचे काम मुख्य करायचे, की स्टेशनरी भरायची? फॉर्मच्या कामात पानामागे नाही, माणसामागे पैसे मिळतात. पण एका फॉर्मला पाऊण तास जातो, सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाईक तुमच्यावर चिडते, आणि मशिनजवळ उभा राहायला मालक मोकळा राहत नाही. तिन्ही थोडे थोडे करावे, असे वर्गातले बहुतेक जण म्हणतील. त्यांना विचारावे, की परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काउंटरवर पंचवीस जण उभे असताना फॉर्मवाल्याला काय सांगणार? जे उत्तर येईल ती त्या दुकानाची व्यूहरचना, मालकाने ती कधी लिहून काढली असो वा नसो.

असाच एक निर्णय मुलांनी खुद्द आपल्या कॉलेजात घडताना पाहिला आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) लागू झाली. कॉलेजांपुढे पेच पडला: नाव तेच ठेवून सीईटीची अट आणि नवे नियम स्वीकारायचे, की नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली जायचे आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश देत राहायचे? काहींनी नाव बदलले, काहींनी ठेवले. बीएमएस या तीन अक्षरांची पंचवीस वर्षांत साठलेली पत सोडायची की जागा रिकाम्या राहण्याचा धोका घ्यायचा, हा ऐन व्यूहरचनेचा प्रश्न होता. तो जिथे घडला त्याच इमारतीत, कदाचित त्याच मजल्यावर, व्यूहरचनेचा तास होतो; त्या तासाला मुलांना मात्र परदेशी कॉफीच्या दुकानांचे चार खाने भरायला दिलेले असतात.

राहिली सगळ्यांत व्यवहारी अडचण: गुण कसे द्यायचे? साठ-सत्तर उत्तरपत्रिका, विद्यापीठाचा साचा, आणि शेवट झाकलेला असेल तर बरोबर उत्तर कुठले? वर्गात शिकवणाऱ्याला ही अडचण हसण्यावारी नेता येत नाही, कारण खाने भरण्याची पद्धत टिकली ती मुख्यतः तपासायला सोपी म्हणून. विद्यापीठाची लेखी परीक्षा एका प्राध्यापकाच्या हातात नसते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र बव्हंशी असतात, आणि तिथे एक साधी व्यवस्था चालू शकते. जुलैमध्ये प्रत्येक गटाने जवळचा एक चालू धंदा निवडावा आणि एका पानावर चारच गोष्टी लिहाव्यात: मालकाने काय करावे, त्यासाठी काय सोडावे, मार्चपर्यंत काय घडेल असे आपल्याला वाटते, आणि काय दिसले तर आपण चुकलो असे मान्य करू. पान तारीख घालून पाकिटात बंद. मार्चमध्ये पाकीट उघडायचे, दुकानात पुन्हा जायचे, आणि गुण द्यायचे ते अंदाज खरा ठरला की नाही यावर नव्हे. जुलैतले कारण आणि मार्चमधले स्पष्टीकरण शेजारी ठेवून वाचायचे. ज्या गटाने लिहिले होते की रंगीत मशिन घेतले तर चालेल, आणि मार्चमध्ये मशिनवर धूळ बसलेली पाहून जो लिहितो की ‘आम्हाला हे आधीच वाटत होते’, त्याचे गुण कापावेत. मशिन धो धो चालत असेल आणि गटाने लिहिले असेल, की ते समोरचे दुकान अचानक बंद झाल्यामुळे चालले, आमच्या कारणामुळे नाही, तर त्याला पूर्ण गुण.